मैदान कधी उघडायचं?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला "खेळाच्या आठवणी" हा विषय दिला, तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार की ही आता जिंकलेल्या सामन्यांचं सांगणार. मी न खेळलेल्या सामन्यांबद्दल बोलणार आहे.

दुखवट्यात मैदान बंद असतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडला, आजोळी. 1991 चा मे महिना. 21 तारखेच्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि देशात सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. गल्लीजवळच्या व्यायामशाळेचं उन्हाळी शिबिर सुरू होतं. सकाळी गेलो तर फळ्यावर खडूनं "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलेलं, खाली "शिबिर बंद". मी अकरा वर्षांची. मामाला विचारलं, "आपण खेळलो नाही तर त्यांना काय कळणार?" मामा म्हणाला, "त्यांच्यासाठी नसतं गं, आपल्यासाठी असतं." तेव्हा काही समजलं नाही.

पुढे इंजिनिअर झाले, नियम वाचायची सवय लागली. राष्ट्रीय दुखवट्याच्या सरकारी आदेशात सहसा दोनच गोष्टी असतात: राष्ट्रध्वज अर्ध्यावर राहील आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होणार नाहीत. गल्लीतल्या मंडळाच्या मैदानाबद्दल त्यात काही नसतं. म्हणजे मैदान बंद ठेवायचं की नाही, ते मंडळानंच ठरवायचं. कुणी सामने पुढे ढकलतं, कुणी काळ्या फिती लावून खेळतं, कुणी दोन मिनिटं उभं राहून डाव सुरू करतं, फक्त ढोलताशा आणि गुलाल नसतो. 27 डिसेंबर 2024 ला, मनमोहनसिंग गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मेलबर्नला आपला संघ काळ्या फिती लावून खेळलाच की.

आपल्या लातूरचं 2012 आठवा. 14 ऑगस्टला विलासराव देशमुख गेले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन आणि त्याच दिवशी बाभळगावला अंत्यसंस्कार. ध्वजसंहिता सांगते, स्वातंत्र्यदिनी झेंडा अर्ध्यावर आणायचा नाही; पार्थिव ज्या इमारतीत असेल तेवढाच अपवाद. मी तेव्हा माहेरी होते. आमच्या जुन्या मंडळानं सकाळी झेंडा पूर्ण वर चढवला, राष्ट्रगीत म्हटलं, आणि पंधरा ऑगस्टचे सामने रद्द करून पोरं बाभळगावच्या वाटेला लागली. कुणी पत्रक काढलं नव्हतं.

पण मला खरं सांगायचं आहे ते 1993 चं.

29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मंडळाची पोरं विसर्जन करून मध्यरात्रीनंतर घरी आलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचं नाव आपल्याला सकाळी कळलं. बावन्न गावं उद्ध्वस्त झाली, जवळपास दहा हजार माणसं गेली, हे आकडे फार नंतरचे. त्या सकाळी आपण सगळे उघड्यावर, मैदानात बसलो होतो. मोठी पोरं केसातला गुलालही न धुता ट्रकमध्ये बसून गेली आणि चार दिवस दगडमाती उपसून परत आली. त्यानंतर कितीतरी दिवस ती एकमेकांशीही बोलत नव्हती.

आपल्या मुलींच्या खो-खो संघाचे जिल्ह्याचे सामने ऑक्टोबरात होते. मी पहिल्यांदाच निवडले गेले होते. त्या सकाळी मैदानात शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मी म्हणाले, "आता आपल्या मॅचचं काय गं?" तिचं आजोळ किल्लारीजवळ होतं. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. दुपारी कळलं.

ती महिनाभर शाळेत आली नाही. सामने झाले नाहीत. आपल्या मैदानावर कपड्यांचे, धान्याचे ढीग लागले. आपण मुली साड्या वेगळ्या, लेकरांचे कपडे वेगळे असं लावत बसायचो. खरं सांगते, ते करताना मी मनातून रुसलेली होते. चौदा वर्षांच्या पोरीला आपला सामना गेल्याचं दुःख सगळ्यात मोठं वाटतं. आणि त्या वाक्याची लाज मात्र तीस वर्षं पुरली.

गेल्या वर्षी मेळाव्याच्या तयारीसाठी तिला फोन केला आणि शेवटी एकदाची माफी मागितली. ती म्हणाली, "मला ते वाक्य आठवतच नाही. मला आठवतंय ते वेगळंच." तिच्या परवानगीनं सांगते.

दिवाळीनंतर कपड्यांचे ढीग हलले, मैदान मोकळं झालं, तरी सरांनी खेळ सुरू केला नव्हता. ती शाळेत आली त्या संध्याकाळी सर तिच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "बाळा, सुरू करायचं का?" ती हो म्हणाली. सर म्हणाले, "मग पहिला खो तू दे." ती म्हणते, "तोवर सगळे मला जपून बोलायचे. खो देताना मैत्रिणीच्या पाठीवर जोरात थाप मारली, तेव्हा वाटलं आपण परत आलो." मीही तिथेच होते, रांगेत बसलेली. ती थाप माझ्याच पाठीवर पडली होती. मला फक्त खेळ सुरू झाल्याचा आनंद आठवतो.

दुखवटा कधी सुरू करायचा हे वरून कळतं, नाहीतर आपसूक कळतं. तो कधी संपवायचा, हे ज्याचं माणूस गेलं त्याला विचारावं, हे मला सरांनी शिकवलं. कार्यालयात कुणाच्या घरी असं काही झालं, की मी आजही आधी विचारते, मग काम देते.

सर आज समोर बसले आहेत. सर, ते तुम्हाला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. आम्हाला आठवतंय.

दुपारी चार वाजता आपला खो-खोचा सामना आहे. गुडघ्यांची काळजी ज्याची त्यानं घ्यावी. आपल्यातून गेलेल्या शिक्षकांची आणि सोबत्यांची नावं आधी वाचू, दोन मिनिटं उभं राहू, आणि मग खेळू. पहिला खो कुणी द्यायचा, ते ठरलेलंच आहे.