चेहऱ्यासाठी एलईडी प्रकाश: वापरण्याआधी

तेर गावच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिचे दागिने पाहिले की साजशृंगाराची हौस किती जुनी, हे कळतं. आज त्या हौसेत चेहऱ्यावर प्रकाश टाकणाऱ्या एलईडी मुखवट्यांची भर पडली आहे.

हा प्रकाश करतो काय? सुमारे 415 नॅनोमीटरचा निळा प्रकाश मुरुमांच्या जंतूंना मारक ठरतो. सुमारे 630 ते 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्वचेत अधिक खोल जातो. सूज कमी व्हायला आणि बारीक सुरकुत्या सौम्य व्हायला मदत करतो. फरक दिसायला मात्र अनेक आठवडे लागतात. लग्नसराईतले रंगीत दिवे हे काम करत नाहीत. तरंगलांबी आणि तीव्रता नेमकी लागते.

या प्रकाशानं रंग उजळत नाही. उलट, आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर निळ्या प्रकाशानं काळे डाग गडद होऊ शकतात. वांग असेल तर विशेष जपा.

चेहरा धुऊन कोरडा करा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा आणि माहितीपत्रकात दिलेली वेळ पाळा. जास्त वेळ बसल्यानं जास्त गुण येत नाही. डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी चालू असेल, ल्युपस किंवा फिट्सचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि शेतात जाताना डोक्याला रुमाल, चेहऱ्याला सनस्क्रीन विसरू नका. उन्हापासून बचाव हाच त्वचेचा पहिला उपचार.