टाळी कुणी वाजवली?



हॉर्न म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बरोबर, मागून येणारी बस. मी चेन्नईत राहतो, अण्णा सालईवरून रोज ऑफिसला जातो, त्यामुळे माझ्याही डोळ्यांसमोर तेच येतं. पण आज मी ज्या हॉर्नबद्दल बोलणार आहे, तो पितळेचा असतो, गोगलगायीच्या शंखासारखा गुंडाळलेला. उलगडून सरळ केला तर त्याची नळी साधारण १२ फूट भरते. त्या हॉर्नमुळे मी माझ्या वडिलांची ओळख चारचौघांत पहिल्यांदा खरी सांगितली. ती गोष्ट सांगायला मी इथं आलोय.

मी मिरजेजवळच्या एका गावातला. आम्ही मातंग समाजाचे. आजोबा हलगी वाजवायचे. वडील, म्हणजे आमचे आबा, बँडमास्तर आहेत. लग्नाचा बँड. अकरा माणसं: दोन क्लॅरिनेट, तीन ट्रम्पेट, एक युफोनियम, बाकी ढोल, साइड ड्रम, झांजा आणि खुळखुळे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. एप्रिलच्या उन्हात तो कोट घालून तीन तास चालत वाजवायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं घातलाय त्यालाच कळतं. मी घातलाय. आठवीपासून दर उन्हाळ्यात मी आबांच्या शेजारी दुसरी क्लॅरिनेट वाजवायचो.

लग्नात बँड ऐकायला कुणी आलेलं नसतं. लोक नाचतात, ओरडतात, नोटा ओवाळतात. बँड थांबला की मात्र सगळ्यांना कळतं. मग कुणीतरी येऊन म्हणतं, "ए, थांबला का रे?" या "ए"ला नाव नसतं. वरात दारात पोचली की आमचं काम संपलं. जेवायला आमची पंगत सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागं. तोवर कधी भात संपलेला असायचा, कधी आमटी.

बारावीनंतर चेन्नईच्या एका विद्यापीठात मला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात होस्टेलमध्ये कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो, "इव्हेंटचा बिझनेस आहे." खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. चार वर्षं तेच उत्तर दिलं.

विद्यापीठात एक विंड बँड होता. विंड बँड म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा वाद्यवृंद. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा आणि मागं तालवाद्यं. व्हायोलिनचा ताफा नाही. थोडक्यात, आमच्या बँडचा शिकलेला चुलतभाऊ. मी ऑडिशन दिली. मास्तरांनी विचारलं, कुठं शिकलास? मी म्हणालो, "घरी."

तिथं पहिल्यांदा स्वरलिपीचा कागद समोर आला. आबांच्या बँडमध्ये सगळं कानावर. गाणं रात्री ऐकायचं, सकाळी वाजवायचं. कागद वाचायला मला दीड वर्ष लागलं. पण तिथंच मला गुस्ताव होल्स्ट भेटला. या इंग्रज संगीतकारानं १९०९ साली मिलिटरी बँडसाठी एक सुइट लिहिला. आज जगभरातले विंड बँड तो वाजवतात. हाच माणूस संस्कृत शिकला आणि त्यानं ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत दिलं. पण मला जवळची वाटली ती वेगळीच गोष्ट. शिकत असताना खर्च भागवायला होल्स्ट समुद्रकिनाऱ्यावरच्या एका बँडमध्ये गणवेश घालून ट्रॉम्बोन वाजवायचा. ते वाचलं तेव्हा वाटलं, म्हणजे हाही आपल्यातलाच की!

माझं शेवटचं वर्ष होतं. डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी परदेशातून दोन हॉर्नवादक पाहुणे आले. विवाल्डीनं दोन हॉर्नसाठी लिहिलेला एक कॉन्चेर्टो ते वाजवणार होते आणि आमचा बँड त्यांना साथ करणार होता. आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला हॉर्न समजावून सांगितला. त्यांच्या हातात हॉर्न नव्हता. बागेला पाणी घालायची प्लॅस्टिकची नळी होती आणि एक नरसाळं. नळीच्या एका टोकाला हॉर्नची तोटी लावली, दुसऱ्या टोकाला नरसाळं खुपसलं आणि वाजवायला सुरुवात केली. एकही भोक नाही, एकही बटण नाही. ओठ घट्ट किंवा सैल करून आणि फुंकर बदलून ते एकेक स्वर काढत होते. खालचे स्वर एकमेकांपासून लांब लांब, वर जावं तसे जवळ जवळ.

त्यांनी सांगितलं की विवाल्डीच्या काळातला हॉर्न असाच होता. शिकारीच्या शिंगाचा वंशज. १८व्या शतकात वादकांनी एक युक्ती काढली. हॉर्नच्या मागच्या तोंडात उजव्या हाताचा पंजा घालून, तो कमी-जास्त मिटून अधले-मधले स्वर काढायचे. झडपा आल्या त्या नंतर. १८१८ साली बर्लिनमध्ये श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्युमेल या दोन वादकांनी त्यांचं पेटंट घेतलं. झडपा आल्या तरी वादकांचा हात तिथंच राहिला. आजही हॉर्न वाजवणाऱ्याचा उजवा हात त्या तोंडात असतो आणि आवाज श्रोत्यांकडे न जाता मागं जातो.

मी न राहवून बोललो, "ही तर आमची तुतारी!" ते म्हणाले, तुतारी म्हणजे काय? मी हातवारे करून सांगितलं. लांब पितळी नळी, वळण घेतलेली, भोक नाही, बटण नाही, मोजकेच स्वर, सगळा खेळ ओठांचा आणि श्वासाचा. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण वाजवतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "वडील बँडमध्ये आहेत. क्लॅरिनेट वाजवतात."

"मग उद्या येतायत ना?"

आबांना मी बोलावलंच नव्हतं. तरीही ते चेन्नईला येतच होते. झालं असं, की महिन्यापूर्वी फोनवर कार्यक्रमाचं सहज बोललो होतो. आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू होतात. कार्यक्रमाच्या दिवशीचीही एक सुपारी होती. आबांनी ती बँड पुतण्याच्या हाती देऊन सोडली आणि मला न विचारता सोलापूरहून चेन्नईचं तिकीट काढलं. मी वरवर म्हणालो, या की. मनात भीती होती.

इकडं उलटं असतं. डिसेंबरच्या मध्यावर तमिळ मार्गळी महिना लागतो. या महिन्यात इथं लग्नं होत नाहीत. मंडप रिकामे आणि संगीताच्या सभा भरलेल्या. चेन्नईत तेव्हा दिवसभर कुठं ना कुठं कचेरी चालू असते, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल. सभेच्या कँटीनमध्ये डोसा खाता खाता लोक रागांवर भांडतात. या शहरानं बाहेरची वाद्यंही पोटात घेतली. व्हायोलिन घेतलं, क्लॅरिनेट घेतली. कद्री गोपालनाथ हे नागस्वरवादकाचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला, तो कर्नाटक संगीतात आणला आणि १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवला.

आबा चेन्नई सेंट्रलला उतरले. मी तेव्हा होस्टेल सोडून एका तंजावरी मराठी आजींकडे भाड्यानं राहत होतो. त्यांचं मराठी ऐकायला फार गोड, जुन्या वळणाचं, मध्येच तमिळ शब्द. आबांना बघून आजींना कोण आनंद! कॉफी देता देता म्हणाल्या, "बँड वाजवता? आमच्या सरफोजी महाराजांनीही बँड ठेवला होता."

आबांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण ते खरं आहे. दुसरे सरफोजी, व्यंकोजीराजांच्या वंशातले तंजावरचे भोसले राजे. जन्म १७७७चा. गादीवरून घरात तंटा होता, म्हणून १७९३ साली त्यांना मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आणून ठेवलं होतं. १७९८ साली ते गादीवर बसले. इंग्रजांनी लगेच राज्यकारभार काढून घेतला, हाती उरला तो किल्ला आणि आसपासचा भाग. या राजानं मग ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आणि दरबारात युरोपीय वाद्यांचा बँड उभा केला. त्याच सुमारास इकडं मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातला गोऱ्यांचा बँड ऐकून मुत्तुस्वामी दीक्षितरांनी त्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. एक तर थेट इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे.

आजी हे सगळं अभिमानानं सांगत होत्या. आबा शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "राजाचं नाव तर ऱ्हायलं. वाजवणाऱ्यांची कुणी सांगतं का?"

आजी गप्प झाल्या. मीही. तो प्रश्न माझ्या डोक्यात त्या संध्याकाळी स्टेजवर चढेपर्यंत होता.

सभागृह भरलं. आबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. आयुष्यात पहिल्यांदा ते बँडसमोर खुर्चीत बसून बँड ऐकत होते. विवाल्डी सुरू झाला. दोन हॉर्न एकमेकांशी बोलत होते, एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. वरच्या पट्टीत एका वादकाचा स्वर फुटला. हॉर्नवर ते होतं, वर स्वर इतके जवळ असतात की ओठ केसभर हलला तरी शेजारचा लागतो. तो तसाच पुढं गेला.

कॉन्चेर्टोचे तीन भाग असतात: जलद, संथ, जलद. मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, असा हल्लीचा रिवाज आहे. पहिला भाग संपला. सभागृह चिडीचूप. आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून टाळ्या आल्या. एकाच माणसाच्या. मोठ्या, मोकळ्या, मांडवात वाजवतात तशा.

लोकांनी माना वळवल्या. कुणीतरी "श्श" केलं. मी समोरच्या कागदात डोळे खुपसले. ते हात कुणाचे, मला बघायची गरज नव्हती. त्या क्षणी मला लाज वाटली, हे मी आज तुमच्यासमोर कबूल करतो.

ज्याचा स्वर फुटला होता, तो वादक वळला, तिसऱ्या रांगेकडे बघून हसला आणि कमरेत वाकला. मग हॉर्नमधलं पाणी झटकून पुढच्या भागासाठी तयार झाला.

कार्यक्रम संपल्यावर मी आबांना विचारलं, "मध्येच टाळ्या का वाजवल्या?" ते म्हणाले, "आरं, सगळी गप्प बसली. मला वाटलं, कुणाला आवडलंच न्हाई. पोरगा चुकला, पण थांबला न्हाई. आपल्यात कोण वाजवतं टाळी? म्हणून म्हटलं, आपण तरी वाजवावी."

मी त्यांचा हात धरून स्टेजमागं नेलं. मित्र होते, मास्तर होते, ते दोघं पाहुणे होते. मी म्हणालो, "हे माझे वडील. लग्नाच्या बँडचे बँडमास्तर आहेत. मी यांच्याकडेच शिकलो." चार वर्षं जे वाक्य गिळलं होतं, ते म्हणायला पाच सेकंद लागली. पाहुण्यांनी आपला हॉर्न आबांच्या हातात दिला. आबांनी तोटी ओठाला लावली, एक भसाडा आवाज निघाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबाही हसले.

जाताना त्यांनी कार्यक्रमपत्रिका मागितली. एक नाही, अकरा. मला कळेना कशाला. आबा पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाले, "हितं सगळ्यांची नावं छापलीत. ढोलवाल्याचंबी."

पुढच्या दिवाळीला गावी गेलो, तेव्हा बँडचं नवीन कार्ड पाहिलं. जुन्या कार्डावर फक्त मालक म्हणून आबांचं नाव असायचं. नव्या कार्डाच्या मागच्या बाजूला अकरा नावं आहेत, प्रत्येकासमोर त्याचं वाद्य. शेवटचं नाव खुळखुळे वाजवणाऱ्या पोराचं. सुपारी द्यायला येणाऱ्याला आबा ते कार्ड उलटं करून दाखवतात, आणि एक अट घालतात: जेवण पाहुण्यांबरोबरच. या अटीमुळं दोन सुपाऱ्या गेल्या. आबांनी अट काढलेली नाही.

येत्या सीझनला तुम्ही कुठल्या ना कुठल्या लग्नाला जाल. भरपूर नाचा, बँड त्यासाठीच असतो. पण गाणं संपल्यावर एकदा थांबा, क्लॅरिनेटवाल्याकडे जा आणि त्याला नाव विचारा. आणि पंगत बसली की बघा, तो कुठं बसलाय.