भाषणातील पूर्वपक्ष



लोकनायक बापूजी अण्यांच्या जन्मगावी उभे राहून भाषण कसे करावे हे सांगायचे, म्हणजे धाडसच आहे. तेव्हा मी उपदेश करीत नाही. एका मुलीच्या भाषणाची हकीगत सांगतो आणि तिच्यामुळे मला जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या शेजारची ही मुलगी अकरावीत शिकते. वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला आहेत. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिला विषय मिळाला, 'अणुशक्ती हाच आपला तरणोपाय'. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "काकाजी, भाषण लिहून द्या नं. मी पाठ करते."

मी विचारले, "तुला स्वतःला काय वाटते?"

"मला काय वाटते, त्याचे मार्क आहेत का, काकाजी?"

मला हसू आले. पण लगेच वाईटही वाटले. मुलांची भाषणे आपण वडीलधारी माणसे लिहितो आणि पुढे हीच मुले स्वतः विचार करीत नाहीत म्हणून कुरकुर करतो. मी लिहून देण्याचे नाकारले. मात्र रोज अर्धा तास तिच्याबरोबर बसण्याचे कबूल केले.

तिच्या पहिल्या मसुद्यात आईन्स्टाईन होते, हिरोशिमा होते, सारे विश्व होते. फक्त वणी नव्हती. मी म्हटले, "ऐकणारे वणीचे आहेत ना? मग वणीपासून निघ." उकणीचा, नीलजईचा कोळसा आपण रोज पाहतो. शेजारी चंद्रपूरला २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. ट्रक गेला की दोरीवरच्या धुतल्या कपड्यांचे काय होते, हे येथल्या आयाबहिणींना सांगावे लागत नाही. श्रोत्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून निघालेला वक्ता त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीपर्यंत नेऊ शकतो.

पण येथेच ती अडली. "बाबा समोर बसतील. आमचे घर कोळशावर चालते. त्यांच्यासमोर कोळसा वाईट कसा म्हणू?" मी म्हटले, "ही अडचण नव्हे, हेच तुझे भाषण."

मग आकडे आले. एक किलो युरेनियम सुमारे तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता देते, असे तिने लिहिले होते. वाक्य टाळीचे होते, पण अपुरे होते. हा हिशेब युरेनियम-२३५ चा आहे आणि तोही त्याचे संपूर्ण विखंडन झाले तर. खाणीतून निघणाऱ्या नैसर्गिक युरेनियमात ते शेकडा एकाहूनही कमी, सुमारे ०.७ टक्के असते. प्रतिपक्षाने एवढेच दाखवून दिले असते, तर पुढची खरी वाक्येही लोकांना खोटी वाटली असती.

भाकितांचेही तसेच. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी म्हटले होते, की दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. सत्तर वर्षे लोटली, तरी त्या ऊर्जेवर चालणारे वीज केंद्र उभे राहिलेले नाही. एवढ्या थोर शास्त्रज्ञाची ही गत, तर अकरावीच्या वक्त्याने भविष्यकाळ जपूनच वापरावा!

आपल्या जुन्या शास्त्रकारांची एक शिस्त होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच जोराने सांगायचे; मग उत्तर द्यायचे. मी तिला तीन दिवस केवळ अणुशक्तीच्या विरुद्ध लिहायला लावले. तिने चेर्नोबिल लिहिले, २६ एप्रिल १९८६. फुकुशिमा लिहिले, ११ मार्च २०११. अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातील उष्णता लगेच थांबत नाही. त्सुनामीने वीज गेली, पाणी फिरवणारे पंप थांबले आणि आतले इंधन वितळले. दीड लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. वापरलेल्या इंधनातील प्लुटोनियम-२३९ निम्मे व्हायला सुमारे चोवीस हजार वर्षे लागतात, हेही तिने लिहिले.

मग ती महाराष्ट्रात आली. तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प योजला, तेव्हा माडबनच्या जमीनधारकांनी आणि साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विरोध केला. एप्रिल २०११ मध्ये तेथे पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मरण पावला.

हे लिहून झाल्यावर ती गप्प बसली. म्हणाली, "काकाजी, आता 'हाच' म्हणवत नाही."

मी म्हटले, "मग जे म्हणवते, ते म्हण."

तिने उत्तरपक्ष लिहिला, तो असा. अणुभट्टीतून धूर आणि राख निघत नाही. सूर्य मावळल्यावरही ती चालते. देशाच्या विजेत तिचा वाटा आज अवघा तीन टक्क्यांच्या आसपास आहे, तो वाढावा. पण गावाला विचारल्याशिवाय नको, कचऱ्याचा हिशेब उघड केल्याशिवाय नको, आणि ज्यांनी आजवर जमिनीखाली उतरून आपले दिवे लावले त्या खाणकामगारांच्या मुलांना नवे काम शिकवल्याशिवाय नको. 'हाच' नव्हे, 'हाही'.

बक्षीस मिळाले नाही. विषयापासून ढळल्याबद्दल गुण गेले, असे कळले. परीक्षकांचेही त्यांच्या परीने बरोबर होते.

पण त्या रात्री जेवताना तिच्या वडिलांनी विचारले, "राख नाही म्हणतेस, बरं. अन् तो कचरा ठेवाचा कुठी?" तिने सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. पानातली भाजी निवून गेली, तरी बाप-लेकीचे बोलणे संपेना. वडिलांचे मत पालटले नव्हते. पण ज्याचे पोट कोळशावर आहे, तो माणूस प्रश्न विचारू लागला होता. टाळी ही वक्त्याला मिळते; प्रश्न हा विषयाला मिळतो. मन वळवणे म्हणतात ते बहुधा येथूनच सुरू होते.

आपल्या घरातले मूल उद्या भाषण लिहून मागेल, तेव्हा कृपा करून लेखणी हाती घेऊ नका. एवढेच विचारा, "समोरच्याचे म्हणणे काय आहे, ते आधी सांग पाहू."