पाटीवरच्या मुली



"न्यूयॉर्कला इतकी वर्षं राहतेस, तिथलं काहीतरी सांग," असं संयोजकांनी फोनवर सांगितलं. तिथल्या उंच इमारती तुम्ही निदान फोटोत तरी पाहिल्या आहेत, म्हणून मी एका दुकानाबद्दल बोलणार आहे.

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात 'रस अँड डॉटर्स' हे एका ज्यू कुटुंबाचं दुकान आहे. त्याच रस्त्यावर थोडं पुढे १८८८ पासूनची प्रसिद्ध 'कॅट्झ' डेली आहे. ज्यूंच्या आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून दुकानंही वेगळी झाली. डेलीत मांसाचे पदार्थ, तर रस यांच्याकडे खारवलेला हेरिंग, धुरी दिलेला सामन, क्रीम चीज आणि बेगल.

जोएल रस हा आजच्या पोलंडमधून आलेला गरीब माणूस. आधी सुकी अळंबी विकली, मग ढकलगाडी, मग घोडागाडी, आणि १९१४ मध्ये छोटं दुकान. त्याला तीन मुली: हॅटी, आयडा आणि अ‍ॅन. मुलगा नव्हता. तिघी लहानपणापासून दुकानात राबायच्या, पिंपात हात घालून हेरिंग काढायच्या. १९३० च्या दशकात जोएलने तिघींना भागीदार केलं आणि पाटी बदलली. सगळीकडे 'अँड सन्स' असायचं, त्या काळात 'अँड डॉटर्स'!

जोएल काही समाजसुधारक नव्हता. त्याला कामाला माणसं हवी होती. पण मुलींकडून काम तर सगळेच करून घेतात. त्याने हिस्सा दिला आणि नावही दिलं, हे मला मोठं वाटतं.

असं वाटायला कारण आहे. आम्हीही दोघी बहिणीच. सुट्टीत बाबांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचो, उधारीची वही लिहायचो. बाबा थकले तेव्हा दुकान चुलतभावाकडे गेलं. तो चांगलं चालवतो, तक्रार नाही. पण "तुमच्यापैकी कुणी बघेल का?" असं आम्हाला कुणी विचारलं नाही. कदाचित आम्ही नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला तर हवं होतं.

रस यांच्याकडे पुढे अ‍ॅनच्या मुलाने वकिली सोडून दुकान हाती घेतलं. आज चौथी पिढी आहे, त्याची मुलगी आणि तिचा आतेभाऊ. शंभराव्या वर्षी, २०१४ मध्ये, त्यांनी जवळच कॅफेही काढला. पाटी मात्र तीच आहे.

मित्रांनो, आपण सगळे आता साठीला आलो. तुमच्यापैकी कुणाचं मेडिकल आहे, कुणाचं हार्डवेअर, कुणाची छापखान्याची तिसरी पिढी. लवकरच किल्ल्या कुणाच्या तरी हातात द्याल. रंगाऱ्याला नवी पाटी सांगण्याआधी घरातल्या मुलीला एकदा विचारा. ती नाही म्हणाली तरी चालेल.