फांशांच्या बेसबॉलमधील पिचरचें मोल



एकट्या माणसाच्या कर्तृत्वाचें माप कसें काढावें, हा प्रश्न जितका न्यायाचा तितकाच गणिताचाही आहे. अमेरिकेंत मेजावर खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलच्या एका खेळांत त्याचें मार्मिक उत्तर सांपडतें.

बेसबॉलमध्यें चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात; क्रिकेटमधील गोलंदाजाचाच तो भाऊबंद. हॅल रिचमन यांनीं 1961 सालीं ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ बाजारांत आणला. त्यांत खऱ्या खेळाडूंच्या मोसमभरच्या कामगिरीवरून प्रत्येकाचें एक पान तयार केलेलें असतें. तीन फांसे टाकावयाचे. निराळ्या रंगाच्या फांशावर एक ते तीन पडल्यास फलंदाजाचें पान पाहावयाचें, चार ते सहा पडल्यास पिचरचें. त्यानेंच पानावरील रकानाही ठरतो. उरलेल्या दोहोंची बेरीज ओळ दाखविते. दोन फांसे 36 प्रकारांनीं पडतात. त्यांपैकीं सात ही बेरीज सहा प्रकारांनीं येते, दोन ही एकाच. म्हणून यशस्वी फटके सातच्या ओळींत असले तर पिचर दुबळा, दोनच्या ओळींत असले तर प्रबळ.

खरी मेख पुढेंच आहे. पिचरची नोंद पानावर जशीच्या तशी उतरून भागत नाहीं. 1968 सालीं नॅशनल लीगमधील फलंदाजांनीं सरासरीनें हजारीं 243 फटके यशस्वी केले. बॉब गिब्सनपुढें मात्र 184 च. आतां त्याच्या पानावर 184 च मांडले, तर काय होईल? निम्मे निकाल फलंदाजांच्या पानांवरून, म्हणजे 243 च्या मानानें, यावयाचे; दोहोंची सरासरी 213 च्या वर जाते. पराक्रमी पुरुष अर्धामुर्धाच उरतो! म्हणून सरासरीपासूनचें 59 चें अंतर दुप्पट करावें लागतें. सोप्या हिशोबानें पानावर 125 मांडले, म्हणजे 243 शीं मिळून बरोबर 184 येतात.

शिवाय पिचरच्या पानावरील कांहीं ओळींत निकाल नसतोच. तेथें क्षेत्ररक्षकाची प्रतवारी पाहावी लागते. सोबत्याचें श्रेय वा दोष पिचरच्या माथीं बसत नाहीं.

त्याच मोसमांत गिब्सनच्या खात्यावर दर नऊ डावांमागें सरासरी 1.12 धावाच पडल्या. तरीही त्यानें 22 सामने जिंकले आणि 9 गमावले. ते 9 पराभव पाहून त्याची योग्यता ठरविणें अन्यायाचें होतें. सोबत्यांचा व प्रतिपक्षाचा वांटा वेगळा काढल्यावांचून एकट्याचें खरें मोल कळत नाहीं, एवढें हे तीन फांसे शिकवितात.