रुमालाखालचा भाव



'बाजार' हा शब्द मूळचा फारसी. दलाल, किंमत, नफा, हिशेब हे शब्द मूळचे अरबी. आज ते आपल्या घरचे झाले आहेत.

अरब मुलखात बाजाराला 'सूक' म्हणतात. कैरो, दमास्कस अशा जुन्या शहरांत एका मालाची दुकाने एका गल्लीत असत. गिऱ्हाईक चार ठिकाणी भाव विचारी. वजनमापे तपासायला अंमलदार फिरे. त्याला 'मुहतसिब' म्हणत. घासाघीस करायला मोकळीक होती. पण मालातला दोष लपवायचा नाही, अशी इस्लाम धर्माची शिकवण आहे. धान्य खालून भिजले असेल, तर ते वर ठेवावे. घेणाऱ्याला दिसू द्यावे.

असा बाजार आपल्या मुंबईतही भरतो. गोवंडीजवळ देवनारला महापालिकेचा कत्तलखाना आहे. तो १९७१ साली सुरू झाला. त्याआधी तो वांद्र्याला होता. बकरी ईदच्या आधी देवनारला बकऱ्यांचा मोठा बाजार लागतो. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि आपल्या महाराष्ट्रातून माल येतो. गिऱ्हाईक आधी बोकडाचे तोंड उघडून दात बघते. कुर्बानीचा बोकड वर्षाचा तरी लागतो. तो आंधळा, लंगडा, आजारी चालत नाही. म्हणून दोष लपवला, तर घेणाऱ्याचे पैसे जातात आणि धर्मकृत्यही बिघडते.

आता रुमालाची रीत ऐका. जनावरांच्या कित्येक बाजारांत दोघे जण रुमालाखाली हात धरतात. बोटे दाबून भाव ठरवतात. पूर्वी मुंबईत अरबी मोत्यांचा सौदाही असाच होई. भाव तिसऱ्याला कळत नाही, हा तिचा उपयोग. पण तो तिसरा म्हणजे बोकडाचा मालकच असला तर? दलालाने रुमालाखाली एक भाव घ्यावा आणि मालकाला दुसरा सांगावा, हे सहज होऊ शकते. वर्षभर पाला घालून वाढवलेला बोकड घटकाभरात जातो. घरच्या बाईची मेहनत दलालाच्या खिशात पडते.

म्हणून जनावर विकताना दलालाला सांगा, "भाव तोंडाने बोला." भाव आणि दलाली कागदावर लिहून घ्या. आकडा स्वतः वाचा. पैसे मोजून घ्या. मगच दावे सोडा.