षड्ज कोणाचा?

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या ६० वर्षांच्या वाटचालीविषयी आज अनेक जण बोलतील. मी संगीताचा शिक्षक. म्हणून केवळ एका बासरीविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो.

‘मुलासाठी कोणत्या स्वराची बासरी घ्यावी?’ असे पालक नेहमी विचारतात. पांढरी तीनची बासरी मैफलीत रूढ आहे, सहज मिळते. त्यामुळे अनेक वर्षे मीही तीच सुचवीत आलो. तिचा परिणाम मला प्रार्थनेच्या वेळी दिसला. आमच्या मुली काळी पाचमध्ये मोकळेपणाने गात असत. माझ्या हाती पांढरी तीन होती, म्हणून मी त्यांचा षड्जच वर चढवला. तार सप्तकात आवाज फाटू लागले. एक मुलगी मागच्या रांगेत जाऊन नुसते ओठ हलवू लागली. आपल्याला गाता येत नाही, अशी तिची समजूत झाली होती. दोष तिच्या गळ्याचा नव्हता, माझ्या निवडीचा होता.

त्याच बासरीवर दुसरा षड्ज मानून वाजवता येणार नाही का? काही वेळा येते. मध्यमाला किंवा पंचमाला षड्ज मानून साधी गीते वाजवता येतात. परंतु पांढरी तीनच्या बासरीवर काळी पाच म्हणजे तीव्र मध्यम, सहाही छिद्रे उघडी असताना निघणारा स्वर. त्याला षड्ज मानले, तर बहुतेक शुद्ध स्वरांसाठी अर्धी छिद्रे झाकावी लागतात. नवशिक्या मुलाला ते साधत नाही.

अखेर मी काळी पाचची बासरी मागवली. ती सहा अर्धस्वरांनी उंच असल्याने तिची नळी पांढरी तीनच्या सुमारे सात-दशांश लांबीची असते. तिचा षड्ज मुलींच्या षड्जाहून एक सप्तक वर बोलतो, पण स्वर जुळतो. शिवाय लहान बोटे छिद्रांवर नीट बसतात. गळा आणि हात या दोघांचीही सोय एकाच निवडीने झाली.

अशी कमी रूढ बासरी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, स्वराचे नाव. आपल्याकडे वरची तीन छिद्रे झाकल्यावर निघणाऱ्या षड्जावरून बासरीला नाव देतात. पाश्चात्य पद्धतीच्या साध्या लाकडी बासरीला सहाही छिद्रे झाकून निघणाऱ्या स्वरावरून. नाव वाचून फसगत होऊ शकते. दुसरी, पेटीशी केवळ षड्ज नव्हे, तर पंचम आणि तार षड्जही जुळवून पाहावा. तिसरी, आपल्या रायपूरचे हवामान. हवा तापली की बासरीचा स्वर चढतो. २० अंशांच्या फरकाने तो जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराइतका सरकू शकतो. म्हणून नळी फुंकरीने ऊबदार करून मगच पारख करावी.

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी शास्त्रीय गायकीचे गांभीर्य बासरीत यावे म्हणून रूढ लहान बासरीऐवजी सुमारे ३२ इंचांची नळी स्वीकारली. मैफलीसाठी लांब नळी, मुलांसाठी आखूड. दिशा उलट असली तरी तत्त्व एकच. आधी काय गायचे, कोणी गायचे हे ठरवावे आणि मग वाद्य निवडावे.

पालकहो, बूढापाऱ्यात मराठी माध्यमाची शाळा निवडणे हीही कमी रूढ स्वराची निवड आहे. भोवती हिंदी आहे, छत्तीसगढी आहे आणि त्या दोन्ही आपल्याच आहेत. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, ते दोन्ही भाषांवर प्रेम होते म्हणूनच. स्वतःचा षड्ज पक्का असेल, तर दुसऱ्यांबरोबर वाजवणे कठीण जात नाही.

ती मुलगी पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत उभी राहून गायली. मुलांच्या मापाने बासरी निवडावी, बासरीच्या मापाने मुले बसवू नयेत, एवढेच मी तिच्याकडून शिकलो.